तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्कचा ड्रायव्हर ‘वाय’ की ‘एम’?

लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतः कंपाइल करायला घेतलेले लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. मेनूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायच्या मेनूत, डिस्कच्या ड्रायव्हरपुढे ‘वाय’ द्यायचं की ‘एम’? म्हणजे ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच ठेवायचा की मॉड्यूल म्हणून वेगळा? बहुतेकदा हा प्रश्न येतो तेव्हा मशीन आधीच अडून बसलेलं असतं. पडद्यावर कर्नल पॅनिक (कर्नल थांबल्याचा संदेश), आणि शेवटच्या ओळीत ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’.

माझं उत्तर ठरलेलं आहे. रूट फाइलसिस्टिमपर्यंत, म्हणजे सिस्टिमच्या सगळ्या फाइली जिथून सुरू होतात तिथपर्यंत, पोचायला जे जे लागतं ते सगळं ‘वाय’, बाकीचं खुशाल ‘एम’. पण एवढं सांगून कुणाचं काम होत नाही, कारण सगळी गोम त्या ‘जे जे लागतं’मध्ये आहे. डिस्क चालवायला एक ड्रायव्हर पुरत नाही. तिथे एकामागून एक कड्या असतात आणि त्यातली एक जरी निसटली तरी मशीन उठत नाही.

‘एम’ का चालत नाही ते आधी बघू. मॉड्यूलच्या फाइली असतात ‘लिब’मधल्या ‘मॉड्यूल्स’ डिरेक्टरीत, आणि ती डिरेक्टरी असते रूट फाइलसिस्टिमवर. डिस्क वाचायला मॉड्यूल हवं आणि मॉड्यूल मिळवायला डिस्क वाचता यायला हवी. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून दार लावून घेतल्यासारखं हे होतं. यातून सुटायचे दोनच मार्ग: ड्रायव्हर कर्नलमध्येच असणं, किंवा कर्नलबरोबर मेमरीत चढणाऱ्या इनिट्रॅमएफएस या छोट्या तात्पुरत्या फाइलसिस्टिममध्ये तो असणं.

आता आपल्या मशीनवर या कड्या कोणत्या, हे कसं शोधायचं? लोक मदरबोर्डचं मॅन्युअल उघडतात, मेनूमधली नावं वाचून अंदाज बांधतात. त्याची गरज नाही. चालू असलेल्या कर्नललाच विचारा. ‘सिस’मध्ये ‘क्लास’, त्यात ‘ब्लॉक’, आणि त्यात ‘एसडीए’ नावाची लिंक असते. ती कुठे जाते हे ‘रीडलिंक -एफ’ने बघितलंत की एक लांबलचक पाथ मिळतो. साटा डिस्क (साटा केबलने जोडलेली नेहमीची डिस्क) असेल तर त्यात आधी पीसीआयवरचा, म्हणजे मदरबोर्डवरची उपकरणं जोडणाऱ्या मार्गावरचा, पत्ता येतो, मग ‘एटीए१’, मग ‘होस्ट०’, मग ‘टार्गेट’, मग ‘ब्लॉक’ आणि सगळ्यात शेवटी ‘एसडीए’. मला हा पाथ फार आवडतो. मशीनच्या पोटातला सगळा रस्ता एका ओळीत उलगडून ठेवलेला असतो, आणि डावीकडून उजवीकडे वाचत गेलात की कर्नलच्या कोणत्या भागाने कोणतं काम उचललंय ते कळतं. पीसीआयच्या पत्त्यावर कोणता ड्रायव्हर बसलाय ते ‘एलएसपीसीआय -के’ सांगतं. बहुतेक साटा मशीनवर तिथे ‘एएचसीआय’ हा साटा कंट्रोलरचा ड्रायव्हर दिसेल.

या पाथमधला ‘होस्ट’ आणि ‘टार्गेट’ हा भाग नीट बघा, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच अडकतात. ते दोन्ही शब्द स्कझीचे, म्हणजे डिस्का जोडायच्या एका जुन्या पद्धतीचे, आहेत. ‘माझी डिस्क साटा आहे, स्कझीशी माझा काय संबंध?’ असं म्हणून माणूस स्कझीचा पूर्ण मेनू न उघडताच पुढे जातो. संबंध थेट आहे. लिनक्समध्ये साटाचं काम बघते लिबएटीए ही कर्नलमधली लायब्ररी, आणि ती आपल्या डिस्का स्कझीच्या थरातून वर देते. एटीए चालू केलंत की स्कझीचा पाया आपोआप निवडला जातो, पण ‘स्कझी डिस्क सपोर्ट’ हा पर्याय निवडला जात नाही. तो तुम्हीच द्यायचा. एटीएच्या मदतीच्या मजकुरात ही सूचना स्पष्ट लिहिलेली आहे, मात्र मदत उघडून वाचणारे थोडे.

तो पर्याय राहिला तर बूट होताना जे दिसतं त्याने भलेभले चक्रावतात. कंट्रोलर सापडल्याची ओळ येते. डिस्कचं मॉडेलसुद्धा छापलं जातं. ‘डायरेक्ट-ॲक्सेस’ असं लिहिलेली स्कझीची ओळही येते. म्हणजे कर्नलला डिस्क दिसली, तिचं नावगाव कळलं. नसते फक्त एकच ओळ: ‘एसडीए’चं नाव घेऊन ‘अटॅच्ड स्कझी डिस्क’ म्हणणारी. ती नाही म्हणजे ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे माउंट करता येईल असं ‘एसडीए’, तयारच झालं नाही आणि माउंट करायला काही उरलं नाही. यूएसबी पेन ड्राइव्हचंही हेच. यूएसबी स्टोरेजचा ड्रायव्हर स्कझीवर उभा आहे, त्यामुळे तिथेही स्कझी डिस्क सपोर्ट लागतोच.

एनव्हीएमईला, म्हणजे थेट पीसीआयवर बसणाऱ्या एसएसडीला, यातलं काही लागत नाही. ती स्कझीच्या वाटेला जात नाही. पीसीआय आणि एनव्हीएमईचा ब्लॉक ड्रायव्हर एवढ्यात काम होतं. एक अपवाद लक्षात ठेवा. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर बायोसमध्ये व्हीएमडी (ड्राइव्ह आपल्या ताब्यात घेणारी इंटेलची सोय) चालू असतं. तेव्हा एनव्हीएमई ड्राइव्ह व्हीएमडीच्या आड जाते आणि व्हीएमडीचा ड्रायव्हर नसेल तर कर्नलला ती दिसतच नाही. ‘एनव्हीएमईला वाय दिलंय, तरी डिस्क सापडत नाही’ ही तक्रार आली की मी पहिल्यांदा तेच बघायला सांगतो. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करता येतं, पण त्याच मशीनवर दुसरी सिस्टिम असेल तर तिचं बूट त्यामुळे अडू शकतं. ड्रायव्हर घालणं जास्त सोयीचं.

डिस्क सापडली म्हणजे झालं असंही नाही. तिच्यावरची पार्टिशन्स वाचायला जीपीटी या पार्टिशन टेबलचा सपोर्ट हवा (मेनूमध्ये तो ‘ईएफआय’ या नावाने असतो), आणि रूटवर जी फाइलसिस्टिम आहे ती हवी. एक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस, जी असेल ती, आणि तीही ‘वाय’. ड्रायव्हर सगळे ‘वाय’ आणि एक्सटी४ मात्र ‘एम’, अशी कॉन्फिग फाइल मला नेहमी बघायला मिळते.

पॅनिक आला तर घाबरून फोटो काढण्याआधी तो वाचा. त्यात निदान लिहिलेलं असतं. कंसातले दोन आकडे बघा. ‘अननोन-ब्लॉक (०,०)’ असेल तर कर्नलला रूटचं डिव्हाइसच मिळालेलं नाही. ‘(८,२)’ असेल तर गोष्ट वेगळी: ८ हा स्कझी डिस्कचा मेजर नंबर (कोणत्या ड्रायव्हरचं डिव्हाइस ते सांगणारा आकडा), २ म्हणजे पहिल्या डिस्कचं दुसरं पार्टिशन. डिव्हाइस सापडलंय, ते उघडता आलेलं नाही, म्हणजे फाइलसिस्टिमकडे बघायचं. त्याच्या आसपास कर्नल स्वतःला दिसलेल्या पार्टिशन्सची यादी छापतं. ती यादी रिकामी असेल तर कंट्रोलर किंवा डिस्कचा ड्रायव्हर नाही. यादीत डिस्क आहे पण पार्टिशन्स नाहीत, तर पार्टिशन टेबलचा सपोर्ट नाही. सगळं व्यवस्थित दिसतंय आणि तरी (०,०) आहे, तर बूटलोडरमधली (कर्नल मेमरीत चढवणाऱ्या प्रोग्रॅममधली) ‘रूट’ची ओळ चुकली आहे.

त्या ओळीबद्दल थोडं सविस्तर सांगतो. डिस्ट्रिब्यूशनच्या बूटलोडरमध्ये सहसा ‘रूट’पुढे यूयूआयडी हा ओळख क्रमांक असतो. हा यूयूआयडी फाइलसिस्टिमच्या आत लिहिलेला असतो आणि तो शोधून काढणं हे इनिट्रॅमएफएसमधल्या प्रोग्रॅमचं काम आहे. कर्नल एकट्याने ते करत नाही. इनिट्रॅमएफएस काढून टाकलंत आणि ओळ तशीच ठेवलीत, तर सगळे ड्रायव्हर ‘वाय’ असूनही (०,०) मिळणार. अशा वेळी पार्टयूयूआयडी द्या. तो पार्टिशन टेबलमध्ये असतो आणि कर्नलला थेट समजतो. ‘एसडीए२’ असं नाव देऊनही चालतं, पण डिस्का कोणत्या क्रमाने सापडतील याची खात्री नसते, दुसरी डिस्क जोडलीत की नावं बदलू शकतात. रूट यूएसबीवर किंवा एसडी कार्डवर असेल तर ‘रूटवेट’ही द्या, कारण ती डिव्हाइसं सापडायला वेळ लागतो आणि कर्नल त्यांच्यासाठी आपणहून थांबत नाही.

मग इनिट्रॅमएफएस वाईट का? अजिबात नाही. रूट एन्क्रिप्टेड असेल तर पासवर्ड विचारायला कुणीतरी हवं, ते तिथेच असतं. रूट एलव्हीएमवर (डिस्कची जागा हवी तशी वाटून देणाऱ्या व्यवस्थेवर) असेल तरी तेच. डिस्ट्रिब्यूशनवाल्यांना तर पर्यायच नाही. त्यांचं एकच कर्नल हजार तऱ्हेच्या मशीनवर उठायला हवं, तेव्हा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवायचे आणि लागतील ते इनिट्रॅमएफएसमध्ये भरायचे हेच बरोबर. तुम्हीही त्या वाटेने जाणार असाल तर जा, पण नव्या कर्नलसाठी ती फाइल नव्याने तयार करा, बूटलोडर तीच उचलतोय ना ते बघा, आणि ती ज्या पद्धतीने कॉम्प्रेस केली आहे तिचा सपोर्ट कर्नलमध्ये आहे का तेही तपासा. झेडएसटीडीने बांधलेली फाइल आणि झेडएसटीडी न समजणारं कर्नल, ही जोडी बूट होत नाही.

स्वतःच्या एका मशीनसाठी मात्र माझं मत ‘वाय’कडेच झुकतं. तीन-चार ड्रायव्हर आणि एक फाइलसिस्टिम यांनी कर्नल असं कितीसं फुगणार? बदल्यात बूटच्या वाटेतला एक पूर्ण टप्पा कमी होतो. फरक एवढाच की पोटातल्या ड्रायव्हरला पॅरामीटर द्यायचा तर तो बूटलोडरच्या ओळीतून द्यावा लागतो; मॉड्यूल चढवणाऱ्या ‘मॉडप्रोब’च्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहून उपयोग नाही.

जुन्या मार्गदर्शिका वाचून कॉन्फिग करत असाल तर सावध राहा. त्यात ‘आयडीई सपोर्ट चालू करा’ असं लिहिलेलं सापडेल आणि डिस्कचं नाव ‘एचडीए’ असेल. तो जुना आयडीई कोड ५.१४ आवृत्तीत, २०२१ साली, कर्नलमधून काढला गेला. जुन्या समांतर केबलच्या डिस्काही आता लिबएटीएच सांभाळते आणि त्याही ‘एसडी’ नावाने येतात. १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्सने आपल्या नव्या सिस्टिमची पहिली वार्ता दिली तेव्हा त्याने लिहिलं होतं की ही बहुधा एटी हार्डडिस्कशिवाय दुसरं काही कधी चालवणार नाही, कारण त्याच्याकडे तेवढीच होती. आज त्याच कर्नलचा स्टोरेजचा मेनू बघितला की मन भरून येतं. त्यातली प्रत्येक ओळ कुणीतरी आपल्यासमोरचं हार्डवेअर चालावं म्हणून लिहिली आहे.

‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरू का, असंही विचारलं जातं. वापरा. या घडीला जी मॉड्यूल्स चढलेली आहेत तेवढीच ठेवून ते बाकीची काढून टाकतं. पण ‘या घडीला’ हे ध्यानात असू द्या: पेन ड्राइव्ह लावलेला नसेल तर त्याचा ड्रायव्हर जाणार. आधी सगळं जोडून घ्या, मग चालवा. आणि ते ‘एम’चं ‘वाय’ करत नाही, तेव्हा रूटच्या कड्या नंतर हाताने बदलायच्या. हेच कर्नल पुढे व्हर्च्युअल मशीनमध्ये न्यायचं असेल तर व्हर्टआयओचा (व्हर्च्युअल मशीनमधल्या आभासी उपकरणांचा) ब्लॉक ड्रायव्हर आणि व्हर्टआयओचा पीसीआय ड्रायव्हर दोन्ही घाला. एक असून दुसरा नसेल तर डिस्क येत नाही.

एवढं करून इन्स्टॉल करण्याआधी जनरल सेटअपमध्ये ‘लोकल व्हर्जन’पुढे स्वतःचं एखादं नाव घाला. त्यामुळे नव्या कर्नलची मॉड्यूल्स वेगळ्या डिरेक्टरीत जातात, जुन्याची जागच्या जागी राहतात, आणि बूटलोडरच्या मेनूत जुनं कर्नल चालू अवस्थेत शिल्लक असतं. नवं अडलं तर त्यातून उठायचं, तो ‘सिस’मधला पाथ पुन्हा काढायचा आणि एकेक कडी कॉन्फिग फाइलशी ताडून बघायची.