मुंगसाचं अनेकवचन

लिफ्टशेजारी सेक्रेटरींनी कागद चिकटवला होता: रविवारची सभा 'प्रीपोन' केली आहे. दुपारची वेळ, लिफ्ट वर कुठेतरी अडकलेली आणि बँकेतून रिटायर झालेले तळमजल्याचे काका त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारत होते.

"असा शब्दच नाही. शेक्सपिअर कधी प्रीपोन म्हणाला का?"

"शेक्सपिअरला सोसायटी नव्हती," सेक्रेटरी म्हणाले.

लॅटिनमध्ये 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. पोस्ट म्हणजे नंतर, प्री म्हणजे आधी. नंतर ठेवलेलं 'पोस्टपोन' चालतं, मग आधी ठेवलेलं 'प्रीपोन' का नको? ऑक्सफर्डच्या कोशातही तो शब्द आहे. पण काकांना हे सांगून उपयोग नाही. आयुष्यभर 'विथ रेफरन्स टू युअर लेटर'ने सुरुवात केलेला माणूस, तो कोशालाही दुरुस्त करेल. आणि मला तरी कुठे सगळं चालतं? 'रिव्हर्ट बॅक' वाचलं की माझं डोकं उठतं. 'डिस्कस अबाउट' लिहिणाऱ्यांशी मी बोलतो, पण जपून.

हा आजार आजोबांचा. ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरामागे मोकळी जागा होती, गवत माजलेली. एकदा तिथून दोन मुंगसं बाहेर आली. मुंगूस दिसणं शुभ, म्हणून आत्याने हात जोडले. आजोबांनी लगेच माझी परीक्षा घेतली. "दोन मुंगसं, इंग्रजीत सांग."

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "मंगीस. गूसचं गीस, तसं."

"मंगूसेस," आजोबा म्हणाले.

झालं. आत्याला मॅट्रिकला इंग्रजीत चांगले मार्क होते, ती कसली ऐकते. आजोबा डिक्शनरी आणायला उठले, तर चष्मा सापडेना. चहा निवला. मुंगसं केव्हाच गटारातून पसार झाली. शेवटी आजोबाच बरोबर निघाले, कारण त्या 'गूस'चा हंसाशी काही संबंध नाही. इंग्रजांनी तो शब्द आपल्या मराठी मुंगसावरूनच उचललाय. त्याच पानावर बारीक अक्षरांत ते लिहिलेलंही असणार, पण तिकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही. दोघंही इंग्रजांच्या वतीने भांडत होते.

बटाट्याचं तर आणखी लांबचं. इंग्रजांचा पोटॅटो आणि आपला बटाटा हे सख्खे चुलतभाऊ, कॅरिबियन बेटांवरच्या एकाच शब्दाचे. तिकडे तो स्पॅनिशांमार्फत पोचला, इकडे पोर्तुगीजांनी आणला. मराठ्यांनी १७३७ साली ठाणं घेतलं आणि पोर्तुगीज गेले. त्यांनी बांधायला घेतलेल्या किल्ल्यात आता तुरुंग आहे. चावी, पाव, पगार मात्र इथेच राहिले. शब्द परका आहे म्हणून पगार नको, असं म्हणणारा ठाणेकर मला अजून भेटायचाय.