तुम्ही विचारलंत म्हणून: ‘बार्बर ऑफ सेव्हिल’ची गोष्ट डोक्यात कशी ठेवायची?

इटालियन विनोदी ऑपेरा नव्याने पाहणारे लोक एक प्रश्न हटकून विचारतात. कथासार वाचून गेलो, पात्रांची नावं पाठ केली, तरी दुसऱ्या अंकात सगळी गुंतागुंत झाली. लिंडोरो कोण, डॉन अलोन्सो कोण, ती चिठ्ठी नेमकी कोणाची, आणि शेवटी लग्न अचानक कसं लागलं? प्रश्न बहुतेक वेळा इटालियन संगीतकार रोसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’, म्हणजेच ‘बार्बर ऑफ सेव्हिल’बद्दलच असतो, म्हणून उत्तरही त्याच्याच आधाराने देते.

माणसांच्या मागे धावू नका. कागदांच्या मागे जा. या ऑपेरात माणसं वेष आणि नावं बदलतात, पण कागद मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक वेळी आपल्याला दाखवला जातो. आत्ता कोणता कागद कोणाकडे आहे एवढं लक्षात ठेवलं, की गोष्ट हातून सुटत नाही.

आधी माणसं, थोडक्यात. डॉक्टर बार्तोलो म्हातारा आणि संशयी आहे. रोझिना त्याच्या पालकत्वाखालची मुलगी. तिच्याशी आणि तिच्या हुंड्याशी त्याला स्वतःलाच लग्न करायचं आहे. जरठ-कुमारी विवाहाचा विषय मराठी रंगभूमीला नवा नाही, त्यामुळे हा पेच आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. काउंट अल्माविवा हा तरुण सरदार तिच्या प्रेमात पडलाय, पण पदवी पाहून नव्हे तर आपल्याला पाहून तिने हो म्हणावं म्हणून तो ‘लिंडोरो’ नावाचा गरीब तरुण बनतो. डॉन बाझिलिओ हा रोझिनाचा गायनशिक्षक. पैसा दिसेल त्या बाजूचा. बेर्ता घरातली मोलकरीण. आणि फिगारो न्हावी, ज्याला बार्तोलोच्या घरात कधीही शिरता येतं. आवाजांवरूनही ओळख पटते: काउंट टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाज, फिगारो बॅरिटोन, म्हणजे मधला, बार्तोलो आणि बाझिलिओ दोघेही खर्जातले बास. बार्तोलोचं गाणं भरभर शब्दांचं, तर बाझिलिओचं लांब, दाट स्वरांचं, एवढा फरक कानात ठेवला की पुरे.

पहाटे, स्पेनमधल्या सेव्हिल शहरात, बार्तोलोच्या घरासमोर पडदा उघडतो. सगळी गोष्ट या एका दिवसात, मध्यरात्रीपर्यंत घडते. पहिला कागद सज्जात दिसतो. रोझिनाच्या हातात चिठ्ठी आहे आणि मागून बार्तोलो येतो. हे काय, असं तो विचारतो. ‘निष्फळ खबरदारी’ नावाच्या नव्या ऑपेरातल्या गाण्याचे शब्द, असं ती सांगते आणि चिठ्ठी हातातून खाली सोडते. बार्तोलो जिना उतरून येईपर्यंत काउंटने ती उचललेली असते. चिठ्ठीत तिने त्याचं नाव, त्याची परिस्थिती आणि त्याचा हेतू विचारलाय. इथे ‘निष्फळ खबरदारी’ हे शब्द नीट ऐका, कारण ते या ऑपेराचंच उपशीर्षक आहे. १८१६ साली रोममध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा नाव होतं ‘अल्माविवा, अर्थात निष्फळ खबरदारी’. बार्तोलोची प्रत्येक खबरदारी त्याच्यावरच उलटणार आहे.

यानंतर काउंट आणि फिगारोचं द्वंद्वगीत येतं. गावात फौज आलीये, तेव्हा शिपायांना घरोघरी उतरवायचा हुकूम दाखवून काउंटने आत शिरावं, आणि तेही दारूच्या नशेत असल्यासारखं, म्हणजे बार्तोलोला संशय येणार नाही, ही युक्ती फिगारोची. इथेच तो आपल्या दुकानाचा पत्ता सांगतो: पंधरा नंबर, डाव्या हाताला, चार पायऱ्या, पांढरी दर्शनी भिंत, काचेत पाच टोप, पाटीची खूण म्हणून कंदील. भरधाव सुरावटीत हा पत्ता शब्दन्‌शब्द कळला पाहिजे. तो नुसता गुणगुणला जात असेल तर त्या प्रयोगात शब्दांवर मेहनत झालेली नाही असं खुशाल समजा.

आता घराच्या आत. माझ्या मते नाट्यदृष्ट्या सगळ्यात बारीक काम इथे आहे. फिगारो रोझिनाला सांगतो, लिंडोरोला दोन ओळी लिहून दे. ती लाजते, आढेवेढे घेते आणि मग आधीच लिहून ठेवलेली चिठ्ठी काढून देते. हा दुसरा कागद, आणि पुढचा सगळा घोळ याच्यामुळे होतो. फिगारो जातो आणि बार्तोलो उलटतपासणी सुरू करतो. बोटाला शाई कशी? भाजलं होतं, औषध म्हणून शाईत बुडवलं. कागद सहा होते, पाचच कसे? मिठाई गुंडाळून पाठवली. लेखणीला नवं टोक का काढलं? भरतकामासाठी फूल रेखाटलं. तीन पुरावे, तीन उत्तरं, आणि एकही पटण्यासारखं नाही. बार्तोलो मूर्ख नाही, हे या प्रसंगात ठरतं. त्याने कागद मोजून ठेवलेत. नटाने त्याला केवळ बावळट म्हातारा केला की पुढचं सगळं पोकळ होतं, कारण हुशार पहारेकऱ्याला फसवण्यातच इथली गंमत आहे.

मग झिंगलेला शिपाई होऊन काउंट येतो. शिपाई न उतरवण्याची माफी मिळाल्याचा कागद बार्तोलो शोधून काढतो, काउंट तो हाताच्या फटक्याने उडवून देतो. या गोंधळात काउंट रोझिनाला चिठ्ठी देतो. बार्तोलो ती मागतो तेव्हा ती त्याच्या हातात परटाच्या कपड्यांची यादी ठेवते. आरडाओरडा ऐकून गस्तीचे शिपाई येतात, अधिकारी काउंटला पकडायला जातो, काउंट त्याला हळूच एक कागद दाखवतो आणि अधिकारी ताठ उभा राहतो. हा शिपाई खरा काउंट आहे, हे त्या कागदावरून फक्त आपल्याला आणि अधिकाऱ्याला कळतं. बाकी सगळे पुतळ्यासारखे थिजतात. इथे दिग्दर्शकाने खरोखरच कोणाला हलू देऊ नये. संगीतच थिजलेलं असताना मागे कोणी खुर्च्या पाडत राहिलं तर त्या शांततेनंतर उसळणाऱ्या समूहगानाचा जोर जातो.

पहिल्या अंकात मध्येच येणाऱ्या, बाझिलिओच्या निंदेच्या गाण्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. काउंटला गावातून कसं घालवायचं, तर बदनामी करून, असा त्याचा बार्तोलोला सल्ला. निंदा वाऱ्याच्या झुळकीसारखी सुरू होते, कानोकान फिरते, फुगते आणि तोफेसारखी फुटते. रोसिनीचा प्रसिद्ध क्रेशेंडो, म्हणजे हळूहळू चढत जाणारा आवाज, इथे नुसता अलंकार नाही, तो गाण्याचा अर्थच आहे. एकच लहान वाक्य पुन्हा पुन्हा येतं, दर फेरीला वाद्यं वाढतात, आवाज वाढतो. गायकाने सुरुवातच मोठ्याने केली की पुढे वाढायला जागा उरत नाही. हे गाणं दुसऱ्या अंकातही कामाला येतं.

दुसऱ्या अंकात काउंट ‘डॉन अलोन्सो’ बनून येतो: बाझिलिओ आजारी, त्याच्या जागी मी शिकवतो. बार्तोलोचा विश्वास बसेना म्हणून काउंट नाइलाजाने दुसरा कागद, रोझिनाने लिंडोरोला लिहिलेली चिठ्ठी, त्याच्या हाती देतो आणि सुचवतो, काउंटच्या दुसऱ्या प्रेयसीकडून ती मिळाली असं रोझिनाला सांगू. म्हणजे बदनामी! बार्तोलो खूश होतो, हा बाझिलिओचाच चेला शोभतो म्हणून. पण चिठ्ठी आता त्याच्या खिशात गेली. प्रेक्षक नेमका हा क्षण हरवून बसतात, आणि पुढे रोझिना अचानक का उलटली ते मग कळत नाही.

गाण्याचा धडा चालू असताना फिगारो दाढी करायला येतो आणि किल्ल्यांच्या जुडग्यातून सज्जाची किल्ली काढून घेतो. बाझिलिओ धडधाकट उगवतो. त्याच्या हातात पैशांची थैली ठेवून, तुला ताप आहे, जाऊन झोप, असं सगळ्यांनी सांगून त्याला घालवलं जातं. मग बार्तोलोच्या तोंडाला फेस, फिगारो मुद्दाम मध्ये उभा, आणि काउंट रोझिनाला कुजबुजत सांगू लागतो: मध्यरात्री येतो, आणि तुझी चिठ्ठी मला वापरावी लागली, माझं वेषांतर वाया जाऊ नये म्हणून… ‘वेषांतर’ हा शब्द बार्तोलोच्या कानावर पडतो आणि सगळं उधळतं. चिठ्ठीचा खुलासा होता होता अर्ध्यावर तुटतो. त्यामुळे रोझिनाला खरं कळतच नाही. म्हणून या प्रसंगात फेसाची फेकाफेक जास्त झाली तर ती हसवते खरी, पण तो एक शब्द बुडतो आणि कथेचा धागा तुटतो.

नंतर बार्तोलो तीच चिठ्ठी तिला दाखवतो: लिंडोरो तुला काउंटच्या हवाली करणार आहे. संतापाने ती मध्यरात्रीचा बेत सांगून टाकते आणि बार्तोलोशी लग्नालाही तयार होते. वादळाचं संगीत होतं. काउंट आणि फिगारो शिडीने वर येतात, ती त्याला झिडकारते, तो खरं नाव सांगतो. लिंडोरो आणि काउंट एकच! आता निघायचं, तर शिडी नाही. बार्तोलोने ती काढून नेलीये आणि तो पोलिसांना आणायला गेलाय. तेवढ्यात त्यानेच बोलावून ठेवलेला नोटरी बाझिलिओसोबत येतो. बाझिलिओपुढे काउंट पर्याय ठेवतो: अंगठी, किंवा डोक्यात दोन गोळ्या. तो अंगठी घेतो आणि साक्षीदार होतो. शेवटचा कागद, विवाहाचा करार, असा सही होतो. बार्तोलो पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. शिडी तिथेच असती तर ते पळून गेले असते आणि घरात लग्न लागलं नसतं, हे त्याच्या तिथेच लक्षात येतं. काउंट हुंडा त्यालाच देऊन टाकतो.

दोन गैरसमज नेहमी आढळतात. एक, मोझार्टचा ‘फिगारोचं लग्न’ याच्या आधीची गोष्ट सांगतो असा. ऑपेरा म्हणून तो तीस वर्षं आधीचा, १७८६ चा, पण कथा यानंतरची. दोन्ही फ्रेंच नाटककार बोमार्शेच्या नाटकांवरून घेतलेले, आणि तिथे हाच काउंट बायकोला फसवणारा नवरा झालेला दिसतो. दुसरा गैरसमज रोझिनाच्या आवाजाचा. रोसिनीने तिला खालच्या पट्टीचा आवाज दिला होता. पुढे सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाजाच्या, गायिकांनी ती भूमिका वर चढवून घेतली, आणि रोझिना चिवचिवणारी झाली. ‘मी आज्ञाधारक आहे, पण डिवचलं तर नागीण होईन’ असं सांगणाऱ्या मुलीला खालचा, ठाम सूरच शोभतो. आजकाल बहुतेक प्रयोगांत मेझो-सोप्रानो, म्हणजे त्याहून खालच्या आवाजाच्या गायिका, ही भूमिका करतात ते योग्यच आहे.

पहिल्या प्रयोगाचं अपयशही विचारलं जातं. २० फेब्रुवारी १८१६, रोमचं तेआत्रो अर्जेंतिना. पैसिएल्लो या संगीतकाराने १७८२ सालीच याच कथेवर ऑपेरा केला होता आणि तो लोकप्रिय होता, म्हणून त्याचे चाहते शिट्ट्या मारायच्या तयारीनेच आले. त्या रात्री बाझिलिओ अडखळून पडला, रंगमंचावर मांजर शिरलं. दुसऱ्या रात्रीपासून मात्र लोकांनी उचलून धरलं. संगीत तीन आठवड्यांच्या आत लिहून झालं होतं. ओव्हर्चर, म्हणजे पडदा उघडण्याआधीचं वाद्यसंगीत, तर रोसिनीने ‘ऑरेलिआनो इन पाल्मिरा’ या आपल्या १८१३ च्या ऑपेरातून उचललेलं आहे, त्यामुळे सेव्हिलची एकही धून त्यात सापडत नाही. शोधू नका.

ध्वनिमुद्रण किंवा प्रयोग निवडताना शेवटाकडे काउंटचं एक मोठं, अवघड गाणं आहे का ते पाहा. दीर्घकाळ ते वगळण्याची पद्धत होती, कारण इतक्या ताना संपूर्ण ऑपेरा गाऊन झाल्यावर घेणारे टेनर कमी. ते गाणं असलेल्या प्रयोगात काउंटचं वजन वाढतं. नसलेल्यात बार्तोलोच्या हरण्यानंतर गोष्ट चटकन मिटते. पहिल्यांदा पाहणाऱ्यांनी न वगळलेला प्रयोग निवडावा, आणि मंचाच्या वर दिसणारं शब्दांचं भाषांतर सहज वाचता येईल अशी मधली रांग घ्यावी, फार पुढची नको.