लाल झाकण

लहान मुलांच्या डोळ्यांची ओपीडी बघते मी, रोज ढिगाने पेशंट होतात, पण ही मुलगी डोक्यातून जातच नाही. बारा वर्षांची, चार दिवस उजव्या डोळ्याने धूसर दिसतंय. एके ठिकाणी दाखवलं तर म्हणे डोळा एकदम नॉर्मल, परीक्षा आली असेल जवळ. मग काय, घरी पण सगळे नाटकं करते म्हणायला लागलेले आणि पोरगी मान खाली घालून गप्प.

उजव्याने चार्टवरचं सगळ्यात मोठं अक्षर कसंबसं दिसलं, चष्म्याने काहीच फरक नाही. टॉर्च डाव्या डोळ्यावर टाकला तर दोन्ही बाहुल्या झटकन लहान झाल्या, तोच पटकन उजव्यावर नेला तर मोठ्या होत गेल्या. हे कुणालाही मुद्दाम करताच येत नाही! मग थेंबांच्या बाटलीचं लाल झाकण धरलं समोर, डाव्याने म्हणाली लाल, उजव्याने म्हणाली मातकट. डोळा फिरवला की मागे दुखतं हेही तेव्हाच कळलं, तोवर कुणी विचारलंच नव्हतं. आतून डोळ्याची नस नॉर्मलच दिसत होती, कारण सूज होती मागच्या भागात, जिथे आमची नजर पोचत नाही. ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला आलेली सूज.

आईला म्हटलं, ताई, ही खरं सांगतेय. तशी मुलगी हुंदके देऊन रडायला लागली.

ॲडमिट केलं, एमआरआय झाला, शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं, किलोमागे 30 मिलिग्रॅम, पाच दिवस. वडील रात्रभर मोबाईलवर वाचत बसलेले, सकाळी दारातच विचारलं, "डॉक्टर, हे एमएस तर नाही ना?" एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार. बऱ्याच मुलांना हे एकदाच होतं, नजरही चांगली परत येते, आणि मेंदूचा एमआरआय स्वच्छ असला तर एमएसची शक्यता कमीच, हे सगळं मला सांगायचं होतं हो, पण हातातल्या फिल्ममध्ये मेंदूत तीन पांढरे ठिपके होते. मोठ्या माणसांच्या अभ्यासात 15 वर्षांत ठिपके नसलेल्यांपैकी 25 टक्के लोकांना एमएस झाला, एक जरी ठिपका असला तर 72 टक्के. ते आकडे मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत म्हणून मी त्यांना सांगितलेच नाहीत, पण ठिपके आहेत, धोका वाढलाय, हे मात्र लपवलं नाही. ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले.

एमओजी आणि ॲक्वापोरिन अँटीबॉडी दोन्ही निगेटिव्ह आल्या (अशीच सूज आणणाऱ्या दुसऱ्या दोन आजारांच्या या रक्ततपासण्या, त्या आजारांची ट्रीटमेंट वेगळी असते, म्हणून त्या बघाव्याच लागतात), पाठीतल्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे एमएसकडे बोट दाखवणारी खूण, मात्र सापडले. आता न्यूरोलॉजिस्ट पुढचं बघतायत, आणि एमएस निघाला तरी औषधं लवकर सुरू करता येतील, याचा मला फार आधार वाटतो.

सहा आठवड्यांनी आली तेव्हा उजव्या डोळ्याने शेवटची ओळ वाचली पोरीने. झाकण मी काढायच्या आत तिनेच मागितलं. एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि म्हणाली, "लालच आहे, पण थोडं धुतल्यासारखं."


पुढचा एमआरआय पुढच्या महिन्यात आहे.