बाळाचा फोटो आधी दाखवणारी संस्था

निफाडकडचे ते जोडपे सासूबाईंना घेऊन नाशिकच्या आमच्या कार्यालयात आले, तेव्हा त्यांना माझ्याकडून सल्ला नको होता, फक्त कागद तपासून हवे होते. दत्तकपूर्व समुपदेशन आणि गृहभेटी हे माझे काम असल्याने असे कागद अधूनमधून समोर येतात. पण आठवडाभरात मूल घरी येणार, या खात्रीने पाळणा विकत घेऊन आलेले कुटुंब मी प्रथमच पाहत होते.

पिशवीत एका न्यासाची एक लाख रुपयांची ‘देणगी’ पावती होती, रक्कम रोख. उरलेले दोन लाख मूल हाती देताना द्यायचे होते. सोबत मुद्रांकावरचे, नोटरीचा शिक्का असलेले दत्तकपत्र होते आणि त्यात जन्मदात्रीच्या नावाची जागा कोरी होती. “मॅडम, बाळ तरी बघा,” म्हणत सासूबाईंनी मोबाइल पुढे केला. बाळाच्या मनगटावर रुग्णालयाची पट्टी होती, नाळेला चिमटा तसाच होता, म्हणजे फोटो जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतला होता.

हा व्यवहार बेकायदा आहे, अशी तेवढ्यावरूनच माझी खात्री पटली. आई मूल सोपवते तेव्हा ते बालकल्याण समितीसमोर सोपवावे लागते आणि निर्णय फिरवण्यासाठी तिला दोन महिन्यांची मुदत मिळते. ती संपून समितीने मूल दत्तकासाठी मुक्त घोषित केल्याखेरीज कोणतीही संस्था ते कुणालाही देऊ करू शकत नाही. मान्यताप्राप्त संस्थेत मुलाची माहिती आणि छायाचित्र पालकांना दिसते ते त्यानंतर, ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर, आणि तेही नोंदणीच्या ज्येष्ठतेच्या क्रमाने.

“पण संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे,” असे यजमान ठामपणे म्हणाले. हा गैरसमज शिकल्यासवरलेल्यांचाही असतो. न्यास म्हणून नोंदणी असणे वेगळे आणि बाल न्याय अधिनियम, 2015 खाली विशेष दत्तक संस्था म्हणून मान्यता असणे वेगळे. मी त्यांच्यासमोरच ‘कारा’च्या संकेतस्थळावरील महाराष्ट्राची यादी उघडली आणि नाव त्यांनाच शोधायला सांगितले. ते नव्हते. खर्चाचेही तसेच: 2022च्या नियमावलीप्रमाणे नोंदणी व गृहभेटीवरून तयार होणाऱ्या गृह अध्ययन अहवालाचे 6,000 रुपये आणि बालसंगोपन निधीचे 50,000 रुपये, पुढे पाठपुराव्याच्या प्रत्येक भेटीचे 2,000, सगळे पावतीसह. देणगीची अट घालणाऱ्या संस्थेच्या पायऱ्या पुन्हा चढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नोटरीच्या कागदाने तर अशा मुलाचे दत्तक होतच नाही. त्याचा आदेश 1 सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकारी देतात, त्याआधी न्यायालय देत असे. एजंट 1956च्या हिंदू दत्तक कायद्याचा आडोसा घेतात खरा, पण त्यात जन्मदाते स्वतः मूल देतात, आणि इथे आईच कागदावर नव्हती.

सूनबाई इतका वेळ गप्प होत्या. “मग आम्ही किती थांबायचं?” एवढेच त्यांनी विचारले. लहान बाळासाठी बहुतेकांना तीन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते, हे मी लपवले नाही. चांगली संस्था हे पहिल्या भेटीतच सांगते, शिवाय पगार, आजार, घरातील वाद यांबद्दल नकोसे वाटणारे प्रश्नही विचारते.

पैसे बुडाले तरी चालतील, तक्रार नको, असा यजमानांचा सूर होता. मूल विकणे जसा गुन्हा आहे तसेच विकत घेणेही बाल न्याय अधिनियमाच्या कलम 81 खाली गुन्हा आहे, हे ऐकल्यावर ते हादरले. परंतु मला चिंता फोटोतल्या बाळाची होती. मूल अद्याप त्यांच्या ताब्यात आलेले नव्हते, त्यामुळे स्वतःहून लेखी माहिती देणे त्यांच्याही हिताचे होते. चाइल्डलाइनच्या 1098 क्रमांकावर कळवून, फोटो आणि पावतीच्या प्रती आम्ही त्याच दुपारी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे दिल्या. पुढचा तपास त्यांचा आणि पोलिसांचा. त्याचा तपशील मला कळावा, अशी अपेक्षाही नसते.

पोर्टलवरील नोंदणी त्यांनी काही दिवसांनी केली. उत्पन्नाच्या पुराव्यासाठी द्राक्षबागेचा सातबारा चालेल का, असे यजमानांनी फोनवर विचारले, तेव्हा तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढा, असे मी त्यांना सांगितले.