घड्याळ उजव्या हातात

रविवार, रात्री साडेअकरा

ताईचा फोन ठेवल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. बोलता बोलता मी म्हणालो, "बाबा उजव्या हातात घड्याळ बांधायचे ना!" तर ती म्हणाली, "बाबा? कधी? काहीतरीच तुझं."

मी अडून बसलो. समुद्रावर, वाळूत, मी बाबांचं मनगट धरून उभा आहे आणि घड्याळाचा पट्टा बोटांना गार लागतोय, हे मला लख्ख आठवतं. तेव्हा मी चार वर्षांचा. अल्बम काढला. फोटोत घड्याळ खरंच उजव्या हातात! ताईला लगेच फोन लावणार होतो, तेवढ्यात लक्ष गेलं की शर्टाचा खिसासुद्धा उजवीकडे आहे.

मग जुन्या पाकिटातल्या निगेटिव्ह दिव्यापुढे धरल्या. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. कडेचे बारीक आकडे सुलट वाचता आले की चित्रही सुलट. तसं धरलं, तर घड्याळ डाव्या मनगटावर. प्रिंट काढणाऱ्याने पट्टी उलटी घातली होती, एवढंच. आणि ती चुकलेली प्रिंट मी इतकी वर्षं समुद्र म्हणून सांभाळली.

खरं तर संशय आधीच यायला हवा होता. त्या आठवणीत मला माझाच चेहरा दिसतो, उन्हाने बारीक झालेल्या डोळ्यांसकट. मी स्वतःला समोरून कसा पाहीन? तिथे तर फोटो काढणारा उभा होता. नायग्रो आणि नायसर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली या दोन तऱ्हा वेगळ्या मांडल्या: स्वतःच्या डोळ्यांनी दिसणारी आठवण आणि बाहेरून दिसणारी. जुन्या आठवणी बऱ्याचदा बाहेरूनच दिसतात, तेवढ्यावरून त्या खोट्या ठरत नाहीत. पण माझी तर फोटोच्या कडेपाशीच संपते. पलीकडे काय होतं, कोण होतं, सगळं कोरं.

२००२ साली किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी २० जणांना त्यांच्या लहानपणच्या फोटोंमध्ये एक बनावट फोटो मिसळून दाखवला. गरम हवेच्या फुग्यातली सफर, जी कधी झालीच नव्हती. तीन मुलाखती होईपर्यंत निम्म्यांना ती थोडीफार किंवा अख्खी आठवायला लागली. मला तर कुणी फसवलंही नव्हतं. पट्टा माझा मीच गार केला.

झोप येत नाही म्हणून मघापासून बाबांना डाव्या हातात घड्याळ घालून वाळूत उभं करून पाहतोय. जमत नाही. घड्याळ आपलं परत उजवीकडे जातं.

सकाळी ते घड्याळाला चावी द्यायचे, ती बारीक करकर मी अंथरुणातून ऐकायचो. डोळे मिटलेलेच असायचे. त्याचा फोटो नाही.