आल्ताईतली तुवा बोली

आज अख्खा रविवार आल्ताई पर्वतरांगांतल्या तुवा बोलीची ध्वनिमुद्रणं ऐकण्यात आणि तिच्याबद्दल वाचण्यात गेला. अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

चीनच्या शिनच्यांग प्रांतात, अगदी उत्तरेला, कानास सरोवराच्या आसपास हेमू, कानास, बायहाबा अशी लाकडी घरांची गावं आहेत. तिथे तुवा लोक राहतात, जेमतेम काही हजार. सरकारदरबारी त्यांची वेगळी नोंदच नाही, त्यांना मंगोल म्हणून मोजतात. घरात तुवा, शेजाऱ्यांशी कझाक, शाळेत पूर्वी मंगोलियन, आता चिनी. चार भाषा लीलया बोलणारी माणसं, आणि स्वतःची तेवढी कागदावर नाही! रशियातल्या तुवा प्रजासत्ताकात हीच भाषा लाखो लोक बोलतात, १९३० पासून तिला लिपी आहे, पुस्तकं आहेत. आधी ती लिपी लॅटिन होती, आता सिरिलिक, म्हणजे रशियन लिहितात ती. पण ती या गावांत वापरात नाही.

म्हणून ध्वनिमुद्रण फार मोलाचं वाटतं. या भाषेत काही स्वर आवाज खाली उतरवून म्हणतात आणि तेवढ्यानं अर्थ बदलतो. नुसत्या शब्दयादीत हे कसं पकडणार? शिवाय यादीत बोलणाऱ्या म्हातारीचं थांबणं, हसणं, नातवाला मध्येच दटावणं येत नाही. मला तेच सगळ्यात हवंहवंसं वाटलं.

कानासला आता पर्यटकांची प्रचंड गर्दी असते. फोटो सरोवराचे निघतात. कुणीतरी तिथल्या आजीआजोबांसमोर रेकॉर्डर घेऊन तासन्‌तास बसायला हवं, आणि ते रेकॉर्डिंग आधी त्यांच्याच नातवंडांच्या फोनमध्ये जायला हवं.