होमला उभा आहे

गाडी रानात थांबली की डब्यात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो क्रॉसिंग आहे, दुसरा म्हणतो आउटरला टाकलीय. आउटर हा खरं तर जुन्या, हात वर-खाली करणाऱ्या सिग्नलांच्या जमान्यातला. रंगीत दिव्यांच्या पद्धतीत स्टेशनाबाहेर गाडी अडवतो तो होम. पण डब्यात आउटरच चालतो, आणि चालू द्यावा.

मला कुतूहल असतं ते इंजिनातल्या बोलण्याचं. लाल सिग्नलपाशी लोको पायलट नुसता बसून राहत असेल, असं आपल्याला वाटतं. रेल्वेचा नियम त्याला तसं बसू देत नाही. होमला पाच मिनिटं झाली की त्याने आपला माणूस केबिनकडे, म्हणजे जिथून सिग्नल हलवतात त्या खोलीकडे, किंवा स्टेशनकडे पाठवायचा. का, तर मास्तरला सांगायला, की आम्ही इथे उभे आहोत. सिग्नल ज्याने लाल ठेवलाय त्यालाच जाऊन हे सांगायचं! वाचताना हसू येतं.

हसू जातं ते १९१० सालच्या नाताळच्या आदल्या पहाटेची गोष्ट कळल्यावर. इंग्लंडच्या उत्तरेला हॉज जंक्शन नावाचं डोंगरातलं स्टेशन. पाऊस, अंधार, आणि केबिनसमोर परतीच्या इंजिनांची वर्दळ. केबिनवाल्याने दोन मोकळी, डबे नसलेली इंजिनं पुढच्या सिग्नलला नेऊन उभी केली आणि बाकीच्या गडबडीत तो ती विसरला. मागून ग्लासगोची एक्सप्रेस आली. त्याने तिच्यासाठी सिग्नल पाडले, म्हणजे वाट मोकळी दिली. इंजिनवाल्यांना वाटलं, आपल्यालाच मिळाला, ते निघाले. सुसाट आलेल्या एक्सप्रेसने त्यांना वाटेत गाठलं. बारा माणसं गेली. तिकडेही नियम होता, पंचावन्न नंबरचा: सिग्नलला खोळंबलात तर माणूस केबिनमध्ये पाठवा. पण कोणी गेलं नव्हतं. पावसात कोण उतरतो?

पाच वर्षांनी स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिलला तर फायरमन केबिनमध्ये गेलासुद्धा. रजिस्टरवर सही केली आणि परतला. आपली गाडी उभी आहे त्या लायनीचा सिग्नल ज्याने हलवतात त्या खटक्यावर लोखंडी कडं अडकवलंय का, एवढं मात्र त्याने पाहिलं नाही. त्या कड्याचं काम एकच, खटका ओढू न देणं. ते घातलेलं नव्हतं. केबिनच्या दारात उभी असलेली लोकल केबिनवाला विसरला. तो स्वतः त्याच लोकलने कामावर आला होता! सैनिकांची स्पेशल तिच्यावर आदळली, त्या ढिगाऱ्यात आणखी एक एक्सप्रेस घुसली. दोनशेहून जास्त माणसं गेली.

धावणारी गाडी सगळ्यांच्या डोक्यात असते. डोक्यातून निघून जाते ती उभी असलेली.

पुढे रुळांतूनच बारीकसा वीजप्रवाह सोडून ‘इथे चाकं आहेत’ हे केबिनला आपोआप कळायला लागलं, आणि सिग्नलच्या खांबांवर टेलिफोनही आले. ब्रिटनमध्ये त्या पेटीवर काळे-पांढरे तिरके पट्टे असतात. आपल्याकडेही सिग्नलच्या खांबावरच्या फोनची सोय नियमांत आहे. आता वॉकी-टॉकी हातात आल्यापासून बरंचसं बोलणं त्यावरच उरकतं.

पण हे बोलणं ऐकण्यासारखं असतं. आपण फोनवर कसे बोलतो? अंघोळीला जायचं असताना ‘निघालोच, रस्त्यात आहे’ म्हणतो. इथे तसलं काही खपत नाही. गाडी नंबर, कुठल्या सिग्नलला, किती वाजता. समोरच्याने तेच परत म्हणायचं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

त्यातला माझा लाडका भाग म्हणजे प्रायव्हेट नंबर. सिग्नल बिघडलाय, लाल असतानाच ओलांडायचाय, तर मास्तरच्या तोंडी ‘या’ म्हणण्याला किंमत नाही. मास्तरच्या टेबलावर एक छापील कागद असतो, त्यावर दोन आकडी संख्या कशाही क्रमाने लिहिलेल्या. पुढचा आकडा त्याने फोनवर सांगायचा आणि कागदावर काट मारायची. तो आकडा पुन्हा वापरायचा नाही. समजा, चार सात. पलीकडचा म्हणतो, चार सात, आणि लिहून घेतो. त्या सत्तेचाळीसला काही अर्थ नाही, म्हणूनच तो कामाचा. ‘हो हो’ माणूस झोपेतही म्हणतो, सवयीनेही म्हणतो. सत्तेचाळीस म्हणायला कागदाकडे बघावंच लागतं. ही युक्ती ज्याच्या डोक्यात आली त्याला माणसाचा स्वभाव पुरता ठाऊक असणार.

मुंबईच्या लोकलला ही चैन परवडत नाही. तिथे ‘ए’ अक्षराचा, म्हणजे आपोआप बदलणारा सिग्नल लाल असला तर मोटरमनने दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबायचं आणि मग कोणालाही न विचारता डोळ्यांत तेल घालून सावकाश पुढे सरकायचं. दर सिग्नलला फोन लावत बसला असता तर दादरची गर्दी विरारपर्यंत पोचली असती.

हेच आकडे फाटकावरही चालतात. गाडी सुटण्याआधी मास्तर गेटमनला फोन करतो. गेटमन फाटक बंद करून आपल्या कागदावरचा आकडा त्याला देतो. आपण बाहेर हॉर्न बडवतो, गाडीचा पत्ता नाही म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडतो. एखादा भाऊ मोटारसायकल आडवी करून दांड्याखालून काढू बघतो आणि वर त्यालाच दरडावतो, ‘अरे, दोन मिनिटं उघड ना!’ त्याने आकडा देऊन टाकलेला असतो. गाडी गेल्याशिवाय आता त्याला कलेक्टर आला तरी फाटक उघडता येत नाही.